वऱ्हाडातील शस्त्रबंदी व शस्त्रधारणेचा हक्क

खाजगी व्यक्तीने शस्त्र बाळगणे, ते घेऊन वावरणे व त्याची खरेदीविक्री करणे यांवर राज्यसंस्थेने घातलेल्या निर्बंधांस स्थूलमानाने शस्त्रबंदी म्हणतात. असे निर्बंध मुळात नसावेत, किंवा असलेच तर नागरिकाच्या मूळ हक्काला बाध आणणारे नसावेत, या भूमिकेतून शस्त्रधारणेच्या हक्काची मागणी पुढे येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा वाद संविधानाच्या १७९१ मधील दुसऱ्या दुरुस्तीच्या अर्थाभोवती फिरत राहिला आहे. भारतात त्याचा उगम निराळा आहे. परकी सत्तेने प्रजेवर दाखविलेला अविश्वास हे येथील वादाचे पहिले रूप होय. पुढे तो राष्ट्रीय स्वाभिमानाचा विषय बनला आणि स्वातंत्र्यानंतर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या विवेकाधीन अधिकाराचा. हा प्रवास वऱ्हाडात विशेष स्पष्टपणे दिसतो. या प्रदेशाने लष्करी लूट पाहिली, निःशस्त्रीकरण पाहिले, शस्त्रकायद्याविरुद्धचा सत्याग्रह शेजारच्या नागपुरात होताना पाहिला, आणि आज तेथील शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना हवा असतो तो मुख्यतः रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी.

वाशिम जिल्ह्यातील कारंजा हे तालुक्याचे गाव या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) या गावापासून ओळखू यावे म्हणून त्यास कारंजा (लाड) म्हणतात. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान व जैन भट्टारकांच्या पीठांचे स्थान म्हणून त्याची प्रसिद्धी आहेच. पण सतराव्या शतकात ते वऱ्हाडातील अत्यंत संपन्न अशा व्यापारी पेठांपैकी एक होते. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, १६७० च्या अखेरीस, शिवाजी महाराजांच्या फौजांनी मोगली वऱ्हाडात मुसंडी मारली व कारंज्याची पेठ लुटली. उंची कापड, सोने व चांदी सुमारे चार हजार बैलांवर व गाढवांवर लादून नेल्याचे इतिहासकारांनी नमूद केले आहे. गावातील धनिक खंडणीसाठी धरून नेण्यात आले. एक सावकार मात्र स्त्रीवेष घेऊन निसटला. मोगलांचे ठाणेदार व स्वार सुभ्यात होते, पण प्रसंगी ते पेठेच्या उपयोगी पडले नाहीत. गावाचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न वऱ्हाडात किती जुना आहे हे यावरून दिसते. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या नावांच्या कारंज्याच्या वेशी केवळ रस्त्यांच्या दिशा दाखवीत नाहीत. सूर्यास्तानंतर दार लावून घेणाऱ्या गावाच्या त्या खुणा आहेत.

अठराव्या शतकात निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलाखाली वऱ्हाड सापडले. एकाच गावावर दोन धन्यांचा वसूल आणि त्यात पेंढाऱ्यांच्या टोळ्या, अशी अवस्था झाल्यावर गावोगावच्या मातीच्या गढ्यांना महत्त्व आले. घोडेस्वार दिसले, की गुरेढोरे व दाणागोटा घेऊन माणसे गढीत शिरत. गढीवर ठासणीच्या बंदुका व क्वचित लहान तोफाही असत. १८०३ साली आडगाव व गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. पण सशस्त्र माणसांचा सुळसुळाट थांबला नाही. अरब व रोहिले शिपाई पगार थकला की मालकाच्याच जमिनीवर ताबा सांगत, सावकारीही करीत.

या काळाकडे पाहून पूर्वी प्रत्येक जण शस्त्रधारी व म्हणून स्वतंत्र होता, असे चित्र पुढील काळातील काही लेखकांनी रंगविले. ते पुरते खरे नाही. शस्त्र होते ते देशमुखाच्या, पाटलाच्या, सावकाराच्या पदरच्या माणसांच्या हाती. नांगर धरणाऱ्या कुणब्याकडे कुऱ्हाड, विळा व गोफण एवढेच असे, आणि गावकुसाबाहेरच्या जातींपैकी ज्यांच्याकडे गावाची राखण होती त्यांच्या हाती काठी. शस्त्रसज्ज समाज आणि सुरक्षित समाज या दोन गोष्टी वेगळ्या होत, हे ध्यानात ठेवल्यावाचून पुढील वादाचे नीट आकलन होत नाही.

हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेचा खर्च भागविण्यासाठी १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. एका फौजेच्या पगारापोटी गहाण पडल्यासारखा झालेला हा प्रांत पुढील दोन दशकांत निःशस्त्र होत गेला, हा इतिहासातील एक विरोधाभासच म्हणावयाचा. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रे जप्त करण्याची व त्यांच्या आयातीवर नियंत्रण ठेवण्याची धोरणे झपाट्याने अमलात आली; त्याच वर्षी पहिला व १८६० साली दुसरा कायदा झाला. पण व्यापक व कायम स्वरूपाची शस्त्रबंदी आली ती लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीतील १८७८ च्या अकराव्या अधिनियमाने. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. लेखणी व तलवार यांवर एकाच वर्षी बंधन आले ही गोष्ट तत्कालीन सुशिक्षितांच्या नजरेतून सुटली नाही. वृत्तपत्रविषयक कायदा लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये रद्द केला. शस्त्रकायदा मात्र अनेक दुरुस्त्यांसह १९६२ पर्यंत टिकला.

या अधिनियमात ‘शस्त्र’ या संज्ञेचा अर्थ फार विस्तृत होता. बंदुकांबरोबर संगीन, तलवार, खंजीर, भाला, भाल्याचे पाते, धनुष्यबाण, तोफ व शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्री हे सर्व त्यात येई. परवान्यावाचून शस्त्र घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला. अर्थात घरोघर झडती घेऊन जुन्या तलवारी जप्त झाल्या असे नव्हे. स्थानिक सरकारांना सूट देण्याचे अधिकार होते व ते वापरले जात. खरे शल्य निराळेच होते. अधिनियमाखालील नियमांनी युरोपीय व अँग्लो-इंडियन यांना बंधनातून वगळले होते. नुकताच बोटीतून उतरलेला गोरा कारकून परवान्याविना पिस्तूल बाळगू शके, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा देशमुख जिल्ह्याच्या साहेबाकडे अर्ज करी. संस्थानिक, काही पदवीधारक व बडे जमीनदार यांना सूट मिळे, पण ती मेहेरबानी म्हणून. कायद्याच्या कठोरपणापेक्षा त्यातील हा भेदभाव लोकांना अधिक झोंबला.

वऱ्हाडाची कायदेशीर स्थिती चमत्कारिक होती. प्रदेश नावापुरता निजामाचा व कारभार ब्रिटिशांचा, असा प्रकार असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र अधिसूचनांनी लावावे लागत. १९०२ मध्ये हा मुलूख कायमच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आला व १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला. रयतेच्या दृष्टीने यामुळे फरक पडला नाही. अर्ज करावयाचा तो जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि उत्तर ‘साहेबांच्या मर्जीवर’.

व्यवहारात सर्वाधिक प्रश्न उपस्थित झाले ते रानटी जनावरांमुळे. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत ज्वारी व कापूस पिके. भोवतालच्या माळरानांत व झुडपी जंगलांत काळवीट, रोही व रानडुकरे मोठ्या संख्येने होती, डोंगराळ भागांत वाघ व बिबटे. सरकारने एकीकडे हिंस्र पशू मारण्यास बक्षिसे लावली व दुसरीकडे त्यांना मारण्याचे साधन परवान्याखाली ठेवले, अशी टीका वृत्तपत्रांतून व सभांतून होत असे. तिला उत्तर म्हणून पीकसंरक्षणासाठी व जनावरांच्या बंदोबस्तासाठी वेगळे, सवलतीचे परवाने देण्याची पद्धत रूढ झाली. बंदूक बहुधा ठासणीची. दारू, छर्रे व टोप्या यांवर मर्यादा. गावात अशी बंदूक एखाद्याच घरी, आणि ते घर बहुधा पाटलाचे. त्यामुळे शस्त्रबंदीने गावातील जुनी उतरंड मोडली नाही; उलट जुन्या मानाला तिने सरकारी शिक्का दिला.

राष्ट्रीय सभेने हा प्रश्न आपल्या अगदी आरंभीच्या अधिवेशनांतच हाती घेतला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्रकायद्यात बदल करण्याची मागणी झाली. बिपिनचंद्र पाल यांनी या सभेपुढे केलेले पहिले भाषण याच विषयावरील होते. मागणीचा सूर राजनिष्ठेचा होता. प्रजा एकनिष्ठ असताना तिच्यावर असा कलंक का, रानटी जनावरांपासून व दरोडेखोरांपासून तिने बचाव कसा करावा, आणि साम्राज्यावर संकट आल्यास नि:शस्त्र प्रजा काय कामाची, असे युक्तिवाद पुनःपुन्हा मांडले जात. सर्वांत परिणामकारक ठरला तो पौरुषहानीचा मुद्दा. संपूर्ण राष्ट्रच या कायद्याने दुबळे केले जात आहे, हे फिरोजशहा मेहता यांच्यासारखे नेमस्त पुढारीही बोलत.

सरकारची बाजू अशी, की शस्त्रे खुली केल्यास दरोडे व बंडे वाढतील. महाराष्ट्रातील घटना मात्र उभयपक्षी वापरता येण्यासारख्या होत्या. अधिनियम होऊन वर्ष उलटते न उलटते तोच वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांच्या साहाय्याने बंड उभारले (१८७९). २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध झाला तो लंडनहून सावरकरांनी धाडलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने; अशी वीस पिस्तुले एका स्वयंपाक्याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस आली होती. कायद्यामुळे निश्चयी माणूस अडत नाही, असा निष्कर्ष एका पक्षाने काढला. कायदा अधिक कडक हवा, असा दुसऱ्याने. शंभर वर्षांनंतर अमेरिकेत चालणाऱ्या वादातही हेच दोन निष्कर्ष समोरासमोर उभे राहतात, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या महात्मा गांधींची भूमिका या संदर्भात अनेकांना बुचकळ्यात टाकते. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या अत्यंत काळ्या कृत्यांत गणला, आणि तो रद्द व्हावयाचा असेल तर लष्करात शिरून शस्त्रविद्या शिकण्याची हीच संधी आहे, असे सांगितले. ज्याला मारता येते त्यानेच न मारण्याला अर्थ आहे, हा त्यांच्या विचाराचा गाभा येथे दिसतो. शस्त्र धरण्याची सक्ती नको व मनाईही नको, अशी ती भूमिका होती. युद्ध संपल्यावर शस्त्रविषयक नियमांची फेररचना झाली व १ जानेवारी १९२० पासून वंशभेदावर आधारलेली सूट काढून टाकण्यात आली. भेदभाव संपला, परवाना राहिला.

नागपुरात १९२७ साली झालेला शस्त्र सत्याग्रह हा या वादातील सर्वांत विलक्षण अध्याय होय. त्याचे नेते मंचरशा आवारी हे नागपूरचे पारशी कार्यकर्ते. स्वयंसेवकांचे नायक म्हणून लोक त्यांना ‘जनरल आवारी’ म्हणत. चार वर्षांपूर्वीच झेंडा सत्याग्रहाने नागपूर देशभर गाजले होते. बंगालमध्ये चौकशीविना स्थानबद्ध केलेल्या देशभक्तांच्या मुक्ततेची मागणी आणि शस्त्रकायद्याचा धिक्कार या दोन गोष्टी आवारींनी एकत्र आणल्या. स्वयंसेवकांनी परवान्यावाचून तलवारी हाती घेऊन रस्त्यावर उघडपणे निघावयाचे व अटक होऊ द्यावयाची, असा कार्यक्रम होता. तलवार कोणावर चालवावयाची नव्हती; ती केवळ धरावयाची होती. झेंडा सत्याग्रहात जे स्थान तिरंग्याचे, तेच येथे तलवारीचे. मिठाच्या सत्याग्रहाच्या तीन वर्षे आधी एका वस्तूला हात लावण्याच्या कृतीतूनच कायदा मोडण्याची ही रीत नागपूरकरांनी योजिली, याकडे इतिहासकारांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही.

गांधींनी मात्र ‘यंग इंडिया’तून या चळवळीला सत्याग्रह म्हणण्यास नकार दिला. शस्त्राचे प्रदर्शन व सत्याग्रह यांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. १९१८ मध्ये हाच कायदा त्यांनी काळा ठरविला होता, हे लक्षात घेता त्यांच्या टीकाकारांना यात विसंगती दिसली. कायदा वाईट असणे आणि तो मोडण्याची विशिष्ट रीत अहिंसक असणे हे दोन भिन्न प्रश्न आहेत, असे त्यावर उत्तर देता येते. पण तलवार न उगारणाऱ्या स्वयंसेवकाने हिंसा केली असे म्हणणेही अवघड आहे. या आक्षेपात सिद्धांतापेक्षा सावधगिरीचा अंश अधिक असावा. आवारींना कारावासाची शिक्षा झाली व तुरुंगात त्यांनी दीर्घ उपोषण केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागपुरात जातीय दंगल उसळली. राष्ट्राच्या हाती यावे म्हणून मागितलेले शस्त्र शेजाऱ्याच्या हाती कसे दिसते, याचा अनुभव शहराने काही महिन्यांतच घेतला. शस्त्रधारणेच्या हक्काविषयी पुढारी पुढे अधिक जपून बोलू लागले, त्याचे एक कारण अशा दंगलींत शोधावे लागते.

तरीही मागणी सोडून दिली गेली नाही. जानेवारी १९३० मध्ये गांधींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा कलमांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली देण्याचे कलम होते. ‘लोकनियंत्रण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. परवाना नको असे तेथे म्हटलेले नाही, तो कोणी द्यावा एवढेच म्हटले आहे. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात विहित नियम व मर्यादांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असेल, असे स्पष्ट कलम घालण्यात आले. हिंदुमहासभेच्या व्यासपीठावरून सावरकर, तसेच नागपूरचे बा. शि. मुंजे यांनी लष्करी शिक्षणाचा आग्रह धरला. मुंजे यांच्या प्रयत्नाने नाशिक येथे भोंसला सैनिकी विद्यालय १९३७ मध्ये सुरू झाले. मतांची टोके एवढी दूर असताना शस्त्रकायदा जावा यावर मात्र जवळजवळ सर्वांचे एकमत होते.

म्हणूनच संविधान सभेत जे घडले ते अनेकांना अनपेक्षित वाटले. मूलभूत हक्कांच्या मसुद्यात शस्त्रधारणेचा हक्क नव्हता. उलट ‘शांततेने व विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क होता. मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले हरि विष्णु कामथ यांनी डिसेंबर १९४८ च्या आरंभी शस्त्र बाळगण्याचा हक्क जोडणारी दुरुस्ती मांडली. त्यांचा आधार कराची ठराव हाच होता. परकी सत्तेकडे जे मागितले ते स्वतःची सत्ता आल्यावर का नाकारावयाचे, हा त्यांचा प्रश्न सरळ व बोचरा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर भारतीय भूमिकेचे आजवरचे सर्वांत स्वच्छ विवेचन मानावे लागते. स्वतंत्र देशात नागरिकाच्या शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा त्याच्या शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर द्यावयास हवा; राष्ट्रावर संकट आल्यास राज्याने त्यास बोलवावे व त्याने यावे, असे त्यांनी म्हटले. सराईत गुन्हेगारांसही असा हक्क द्यावयाचा काय, असे त्यांनी विचारले, आणि कोणीही बाजारात जाऊन वाटेल ते प्राणघातक साधन विनाअडथळा विकत घेऊ लागला तर राज्याचा कारभार चालणे अशक्य होईल, असे बजावले. गावगाड्यातील सत्तेचे वाटप आंबेडकरांना पुरते ठाऊक होते. बंदुका खुल्या झाल्या तर त्या प्रथम कोणाच्या घरी जातील, हे वऱ्हाडातील कोणत्याही गावाकडे पाहून सांगता आले असते. त्यांनी हा मुद्दा त्या शब्दांत मांडला नाही, पण तो त्यांच्या उत्तरामागे असावा असे मानण्यास जागा आहे. दुरुस्ती फेटाळली गेली. शिखांच्या कृपाणाचा अपवाद संविधानाने धर्मस्वातंत्र्याच्या अनुच्छेदात नोंदविला; शस्त्रधारणेचा सर्वसाधारण हक्क मात्र कोठेही आला नाही.

जुना अधिनियम १९५९ मध्ये संसदेने नवीन शस्त्र अधिनियम संमत केल्यावर व तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आल्यावर संपुष्टात आला. नव्या कायद्याने बंदुका व इतर शस्त्रे यांत फरक केला. बंदुकीस परवाना सर्वत्र आवश्यक. तलवार, खंजीर आदींना मात्र जेथे शासन तशी अधिसूचना काढील तेथेच. नागपूरच्या सत्याग्रह्यांची मागणी अशा रीतीने पस्तीस वर्षांनी अंशतः मान्य झाली असे म्हणता येईल. नळीची लांबी २० इंचांहून कमी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी वा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितल्यास परवाना द्यावा, अशी तरतूद करण्यात आली. केवळ मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही, हेही कलम आले. जुन्या पाटीलकीच्या परंपरेला ते छेद देणारे होते. नकाराची कारणे नोंदविणे व अपिलाची सोय करणे या सुधारणाही झाल्या. मात्र सार्वजनिक शांतता व सुरक्षितता या कारणावरून नकार देण्याचा अधिकार राहिलाच, आणि तो इतका व्यापक आहे, की बाकीच्या तरतुदी बऱ्याच अंशी त्याच्या छायेत वावरतात. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त तीन बंदुका ठेवता येऊ लागल्या. २०१९ च्या दुरुस्तीने ही संख्या दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली व शिक्षा वाढविल्या. कोडगूतील कोडव समाजास मिळणारी परंपरागत सूट मात्र २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी चालू ठेवण्यात आली.

न्यायालयांत एकदा हा प्रश्न हक्काच्या अंगाने जिवंत झाला होता. जीविताच्या हक्कात स्वसंरक्षणार्थ शस्त्र बाळगण्याचा हक्कही येतो, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटले. पण त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते मत पुढे अमान्य केले. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अमेरिकेचा दाखला देऊन भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, असे सांगितले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा हक्क व्यक्तीचा असल्याचे ठरविले आहे, तर ब्रिटनमध्ये डनब्लेन येथील शाळेतील हत्याकांडानंतर (१९९६) पुढील वर्षी खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. भारताचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे असे सहज म्हटले जाते. वस्तुतः तो ब्रिटनच्या जवळचा व वसाहतकालीन पद्धतीचा वारस आहे.

मराठी खेड्यांत व तालुक्यांच्या गावी ‘शस्त्रबंदी’ हा शब्द आज ऐकू येतो तो बहुधा या अधिनियमाच्या संदर्भात नव्हे. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (नंतरचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याच्या ३७ व्या कलमान्वये सणउत्सव, मोर्चे वा तणावाच्या प्रसंगी जिल्हादंडाधिकारी पंधरा दिवसांपर्यंत शस्त्रे, लाठ्या, दगड इ. घेऊन फिरण्यास मनाई करू शकतात. असे आदेश वर्षातून अनेकदा निघतात व वृत्तपत्रांत चार ओळींत छापले जातात. अपवादासाठी केलेली तरतूद वहिवाट होऊन बसली, याविषयी फारसा वाद होत नाही हे आश्चर्यकारक आहे. वाद होतो तो शेतीच्या संदर्भात.

कारंज्याच्या परिसरात या वादाला एक खास वळण मिळाले आहे. कारंजा व मानोरा तालुक्यांतील सुमारे १८ चौ. किमी. माळरानाचे क्षेत्र २००० साली कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य म्हणून घोषित झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्याच्या सीमेपासून दहा किमी.च्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने वनखात्याकडे नोंद करावी लागते आणि तेथे नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही. पीकसंरक्षणासाठी बंदूक द्यावी असे एक केंद्रीय कायदा सांगतो व ती देताना हात आखडता घ्यावा असे दुसरा. काळविटाला कुंपण कळत नाही. अभयारण्याबाहेरच्या सोयाबीन, तूर व हरभऱ्याच्या शेतांत कळप उतरतात. काळवीट संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे तो मारण्याचा प्रश्नच येत नाही. पिकाचे अधिक नुकसान करणारी रानडुकरे व रोही यांच्याबाबत महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये वनाधिकाऱ्यांच्या परवानगीने, अटींवर, मारण्याची मुभा दिली. परंतु परवानगी मिळाली तरी झाडावयास बंदूक व ती चालविणारा माणूस गावात सापडेलच असे नाही. बहुतेक शेतकऱ्यांचा भर जागलीवर असतो. माळ्यावर रात्र काढणे, डबे बडविणे, फटाके फोडणे, तारेचे कुंपण घालणे हेच उपाय. कुंपणात चोरून वीज सोडल्याने जनावरांबरोबर माणसेही दगावतात. बंदूक दुर्मिळ झाल्याने हिंसा कमी झाली, हे एरवी खरे असणारे विधान या एका बाबतीत तपासून पाहावे लागते.

पीकसंरक्षणाच्या बंदुका वाटल्या तर त्यांपैकी काही शिकारीसाठी वापरल्या जातील, ही वन्यजीवप्रेमींची भीती निराधार नाही. माळरानावरील काळविटांची संख्या घटली ती अधिवास गेल्याने आणि बंदुकीनेही. पण ज्याची तूर एका रात्रीत झोपली त्याला नुकसानभरपाईच्या अर्जासोबत पंचनाम्याची वाट पाहण्यास सांगितले, तर आपल्यावर कोणाचा विश्वास नाही ही जुनी भावना पुन्हा डोके वर काढते.

निवडणुकांच्या वेळी ही भावना विशेष प्रकट होते. आचारसंहिता लागू झाली, की परवानाधारकांनी आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्यात, असे आदेश निघतात. पूर्वी ते सरसकट निघत. पुढे प्रत्येक परवान्याची छाननी समितीमार्फत तपासणी करून गरज असेल तेथेच शस्त्र जमा करून घ्यावे, अशी पद्धत निवडणूक आयोगाने घालून दिली. बँकांचे सुरक्षारक्षक व नेमबाज खेळाडू यांना सूट असते. शेतकऱ्यांना स्वतंत्र सूट नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या २००९, २०१४ व २०१९ च्या निवडणुका ऑक्टोबरमध्ये झाल्या व २०२४ ची नोव्हेंबरमध्ये. वऱ्हाडात हे सोयाबीन काढणीला येण्याचे व तुरीला फुले धरण्याचे दिवस आहेत, आणि रानडुकरांचे कळप शेतात उतरण्याचेही. ज्या महिन्यासाठी परवाना घेतला, नेमक्या त्याच महिन्यात ठासणीची बंदूक चिठ्ठी लावून ठाण्याच्या कोठीत ठेवलेली असते, व निकाल लागून आदेश येईपर्यंत ती तेथेच राहते.